बोटीले छेद नको

अप्पर वर्धा धरणाच्या काठावर, सिंभोऱ्याला, सकाळी मासळी उतरते तेव्हा लोक मासळी बघतात. रोहू किती, कटला किती, एखादी मरळ आहे का. मी होड्या बघतो. या जलाशयाला सरकारी कागदात नल-दमयंती सागर असं सुरेख नाव आहे, अमरावतीच्या नळाला येतं ते पाणी इथलंच, आणि या पाण्यात पोट भरणाऱ्या भोई मंडळींच्या होड्या बघण्यासारख्या आहेत त्या त्यांच्या देखणेपणासाठी नाहीत. पत्र्याची एखादी, फायबरच्या काही, आणि बाकी थर्माकोलचे तराफे. त्यांच्यावर काय काय असतं बघा: तंगसाच्या जाळ्याचा ढीग, जाळं तरंगत राहावं म्हणून बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, बुडावं म्हणून दगड, बॅटरीचा दिवा, एक लांब वेळू, भाकरीचा डबा, पाणी उपसायला अर्धा कापलेला कॅन. एवढं सगळं सामान, आणि मी पाहिलेल्या होड्यांत कुठेही एक स्क्रू नाही, खिळा नाही. जे आहे ते बांधलेलं, नाही तर कशात तरी अडकवलेलं.

हे माझ्या लक्षात आलं ते भाच्यामुळे. तो अकोल्याचा, जठारपेठेतला. अकोला पाणी पितं काटेपूर्णेचं, महानच्या धरणातलं, पण याला ओढ सिंभोऱ्याची. त्यानं कुणाकडून तरी फायबरची एक लहान बोट विकत घेतली. मासेमारांच्या संस्थेच्या लोकांना विचारून, त्यांच्या ठेक्याच्या पाण्यात सुटीच्या दिवशी गळ टाकायची परवानगीही मिळवली. इथवर ठीक होतं. मग त्यानं सामान आणलं. गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला दोन नळ्या, एक दिवा, आणि पाण्याखाली काय आहे ते दाखवणारा लहानसा पडदा. हे सगळं बोटीवर बसवायला आणखी एक वस्तू आणली होती, बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन.

मशीनचा आवाज झाला तसा शेजारी जाळं सोडवत बसलेला एक म्हातारा भोई उठून आला. त्यानं बोट बघितली, मशीन बघितलं.

"काय करून राह्यला रे बाबू?"

"काही नाही काका, नळी बसवतो. दोन छोटी भोकं पाडायची आहेत."

"बांध ना मंग. दोरी काय महाग झाली?"

"दोरी हलेल. हे पक्कं बसतं."

म्हाताऱ्यानं काठावरून हात फिरवला. "आज इथी पाडशीन. उद्या वाटलं का इथी नाही, तिथी पाह्यजे, त हा छेद कुठी नेऊन ठेवशीन?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमीच सांगा याले."

फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मी सांगितलं ते आकड्यांत. समजा 6 मिलिमीटरचं भोक आहे, पाण्याच्या पातळीखाली 20 सेंटिमीटरवर. टोरिचेल्लीचा नियम लावला तर पाणी आत येतं ते सेकंदाला जवळजवळ 2 मीटर वेगानं. भोकातून निघताना धार आक्रसते, ती वजावट करूनही मिनिटाला 2 लिटर पाणी आत येतं. म्हणजे तासाला 120 लिटर, दोन माणसांच्या वजनाएवढं. गळ टाकून बसणारा माणूस पाण्याकडे बघत असतो, पायाकडे नाही.

भाचा म्हणाला, "मामा, मी पाण्याखाली कशाला पाडू? काठावर पाडणार, वर." हे त्याचं बरोबर होतं, आणि खरा विषय इथूनच सुरू होतो. पाण्याखालचं भोक वाईट हे कुणालाही कळतं. वरच्या भोकात काय बिघडतं?

फायबरची बोट म्हणजे काचधाग्याचं कापड आणि राळेसारखं रसायन यांचे थर. वरून गुळगुळीत, चकचकीत कवच. बऱ्याच बोटींत काठाला ताकद यावी म्हणून थरांच्या मध्ये लाकूड किंवा प्लाय दडवलेलं असतं. भोक पाडलं की पावसाचं, लाटेचं, ओल्या जाळ्याचं पाणी त्या लाकडाला सापडतं. लाकूड फुगतं, थर सुटतात, आणि हे सगळं आत चालतं, वरून बोट नवीच दिसते. दुसरी गोष्ट ओढीची. पाच किलोंची ओढ काठीच्या टोकाला आली, ते टोक नळीच्या बुडापासून दीड मीटरवर आहे आणि नळीची बैठक आहे 15 सेंटिमीटरची, तर बैठकीच्या स्क्रूला जाणवते ती 50 किलोंची ओढ. कटला याहून मोठा झटका देऊ शकतो. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या फायबरमध्ये स्क्रूचे आटे धरणार किती? दोन-तीन. ते झिजतात, भोक लांबट होतं, नळी डुलायला लागते. मग माणूस जाड स्क्रू आणतो. कारखान्यात भोकं पाडतातच, पण तिथे आतून रुंद पट्टी लावतात, आरपार बोल्ट घालतात, फटीत सीलंट भरतात. काठावर उकिडवं बसून ड्रिल चालवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

तरी भोकाला पाप ठरवायचं कारण नाही. आपल्याकडची जुनी जहाजं शिवलेली असत. फळीच्या कडेला ओळीनं भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीनं फळ्या एकमेकींना शिवायच्या, भोकं आणि सांधे काथ्या नि राळ भरून बंद करायचे. एका जहाजाला अशी हजारो भोकं. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं जहाज रंगवलेलं आहे, त्यावरून बेतलेलं शिवणीचं जहाज अलीकडे गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी फळ्या शिवल्या, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावानं नौदलात दाखल झालं. एवढी भोकं असूनही ते समुद्रात उतरतं, कारण प्रत्येक भोक पाडताना ते बुजवायचं कशानं हे आधी ठरलेलं असतं. भाच्याच्या भोकाला असला पूर्वविचार नव्हता. तिथे फक्त मशीन होतं आणि रविवार होता.

ड्रिल पिशवीत गेलं. पुढच्या खेपेला तो रबराच्या चोषणी असलेल्या बैठका घेऊन आला, दाबून बसवायच्या. कागदावर ही चीज जबरदस्त आहे. दहा सेंटिमीटर व्यासाची चोषणी, आतली हवा पूर्ण निघाली तर वातावरण तिला 75 किलोंच्या वर जोरानं दाबून धरतं. पण त्यासाठी पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत हवा आणि हवा आत शिरायला केसाएवढीही वाट नको. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात, अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, रबर मऊ पडतं, आत उरलेली थोडीशी हवा तापून फुगते, काठावर गाळाचा पापुद्रा असतोच. दुपारपर्यंत दोन्ही बैठका सुटल्या. एक बोटीत पडली, दुसरी धरणात.

चिकटवण्याबद्दल माझं मत बरं आहे. फायबरला इपॉक्सी चांगलं धरतं. सँडपेपरनं घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, आणि एक दिवस हात लावायचा नाही. मात्र बोट साध्या प्लास्टिकची, पॉलिथिनची असेल तर हे विसरावं, त्याला कुठलाच गोंद मनापासून चिकटत नाही. आणि चिकटपट्टी तर उन्हात घाम सोडते. भाच्यानं इपॉक्सी वापरलं ते एकाच गोष्टीसाठी. पाण्याखालचं दाखवणाऱ्या पडद्याचा जो सेन्सर असतो, तो त्यानं बोटीच्या तळाशी आतून चिकटवला. नुसत्या फायबरमधून ध्वनिलहरी पार जातात, मध्ये लाकूड किंवा हवा नसली म्हणजे झालं. तळाला भोक न पाडता सेन्सर तळाखालचं बघतो. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, त्याचं पुढे काय झालं तरीही.

उरल्या नळ्या आणि दिवा. नळ्या त्या म्हाताऱ्यानं बसवून दिल्या.

त्यानं दोन वेळू घेतले, बोटीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब. ते काठांवर आडवे टाकले. काठाच्या खाली, आतल्या बाजूनं, तसेच दोन आखूड तुकडे उभे धरले आणि वरच्या वेळूशी आवळले, म्हणजे बोटीचा काठ मधे पकडला गेला. जिथे वेळू फायबरवर टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, घसरू नये आणि घासूही नये म्हणून. मग मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या बागांत ठिबकच्या नि बोअरच्या कामातून उरणारे पीव्हीसी पाइपचे तुकडे कुठेही मिळतात, त्यातले दोन हातभर लांबीचे घेऊन ते वेळूला तिरके बांधले. झाल्या काठ्या ठेवायच्या नळ्या. विकतच्या तशाच राहिल्या.

बांधण्याची रीत बघत राहावी अशी होती. आधी वेळू आणि पाइप दोघांभोवती मिळून तीन-चार वेढे, तेही फार ताणून नाही. मग दोघांच्या मधल्या फटीतून, आधीच्या वेढ्यांना आडवे, दोन वेढे, आणि हे मात्र पाय लावून ओढलेले. या शेवटच्या दोन वेढ्यांनी आधीचे सगळे ताणले जातात. गाठ साधी, कारण गाठीवर भार येतच नाही. ऑयलरचं यासाठी सूत्र आहे. दोर लाकडाभोवती एकदा पूर्ण फिरला की, घर्षण मध्यम धरलं तरी, टोकाला धरलेल्या ताकदीच्या साडेसहा पट ओढ तो पेलतो. दोन वेढ्यांना चाळीसपटीच्या वर, तीन वेढ्यांना पावणेतीनशे पटीच्या वर. म्हाताऱ्याला ऑयलर ठाऊक नाही, तीन वेढे ठाऊक आहेत. आणि वेळूला तो खिळा का मारत नाही, हेही. वेळूचे तंतू उभे असतात, खिळा गेला की तो त्या रेषेत चिरत जातो. वेळूला बांधूनच वागवावं लागतं.

मला हे ओळखीचं वाटलं ते शेतावरून. जू दांडीला दोरानंच बांधलं जातं. तिफणीवर चाडं दोरीनं ताणून धरलेलं असतं. रान बघून आवळायचं नाही तर सैल करायचं, खिळ्यानं ठोकलं तर हे करता येणार नाही. आणि भाच्याचं स्वतःचं गाव बघा. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये 170 किलोंची रुईची गाठ दाबून बाहेर येते ती फुगायला टपलेली असते, तिला आवरून धरतात त्या नुसत्या भोवतीच्या पट्ट्या. भाच्यानं यावरून एक गोष्ट स्वतःहून केली, तिचं श्रेय त्याला द्यायला हवं. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो खटका असलेला पट्टा त्यानं बोटीच्या पोटाखालून पूर्ण फिरवून वर आवळला आणि दिव्याचा खांब त्याला अडकवला. म्हातारा बोलला नाही, पण पट्टा दोनदा ओढून बघितला.

एकाच बाबतीत म्हाताऱ्याची आणि माझी तक्रार सारखी होती. दोर नायलॉनचा होता. नायलॉन पाणी पितो, ओला झाला की थोडा लांबतो, ताकदही थोडी घटते. सकाळी आवळलेलं दुपारी ढिलं. अंबाडीचं उलट. अंबाडीचा धागा भिजला की फुगतो, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो, म्हणजे पाण्यात बांधलेली गाठ पाण्यातच घट्ट होते. पावसात भिजलेल्या बाजेवर जो झोपला असेल त्याला हे सांगायला नको. पूर्वी कपाशीच्या पाटीला एखादं तास अंबाडीचं असायचंच. काड्या नाल्यात दगडाखाली भिजत घालायच्या, कुजल्या की साल सोलायची. त्या दिवसांत नाल्यावरून जाताना नाकाला पदर लागायचा. घरचे कासरे, दावी, चऱ्हाटं सगळं त्यातून निघायचं. आता अंबाडी उरली ती भाजीपुरती आणि बोंडांच्या शरबतापुरती. म्हाताऱ्याकडेही अंबाडीचा दोर नव्हता. म्हणून ट्यूबच्या पट्ट्या. रबर ताणून बांधलं की आखडायचं काम ते स्वतः करतं, ओलं असो की कोरडं.

हे सगळं वाचून कुणाला भोई मंडळींच्या कलेचं कौतुक वाटेल, म्हणून थर्माकोलच्या तराफ्याबद्दल बोलायला हवं. बारदाना किंवा प्लास्टिक गुंडाळलेले थर्माकोलचे जाड तुकडे, भोवती जाळ्याचा दोर. माणूस त्यावर मांडी घालून नाही तर पाय पाण्यात सोडून बसतो, हातात वल्ह्याऐवजी कधी फळीचा तुकडा, अंगात लाइफ जॅकेट नाही. थर्माकोलमध्ये स्क्रू धरतच नाही, तेव्हा तिथे बांधण्यावाचून इलाजच नाही. 1947 मध्ये थोर हेयरडाल नावाचा एक साहसी माणूस पेरूच्या किनाऱ्यावरून बाल्सा लाकडाच्या नऊ ओंडक्यांचा तराफा घेऊन निघाला होता. खिळा एकही नाही, सगळं दोरानं बांधलेलं. जाणकारांनी सांगितलं होतं की ओंडके एकमेकांवर घासून दोर थोड्याच दिवसांत तुटतील. झालं असं की बाल्सा मऊ, दोर त्यात रुतला आणि त्या खोबणीत सुरक्षित राहिला. 101 दिवसांनी तराफा पॅसिफिकमधल्या रारोइया बेटाला लागला. थर्माकोल बाल्साहूनही मऊ, पण इथे दोर रुतत रुतत तुकडाच कापून टाकतो. बारदाना असतो तो त्यासाठी. अकोल्याच्या दाल मिलमधून आलेलं पोतं धरणात एका माणसाला तरंगत ठेवतं. याला मी कला म्हणणार नाही. त्या माणसाला धड बोट मिळायला हवी, आणि ती मिळाल्यावर त्यानं तिला भोक पाडलं तर तो त्याचा हक्क आहे.

पण धड बोट मिळालेलेही पाडत नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण विचारलं तर कुणी धड सांगत नाही, बघून समजून घ्यावं लागतं. पाण्याचा ठेका संस्थेचा, पाच वर्षांचा. बोट एकाची असली तरी आज तिच्यावर हा जातो, उद्या त्याचा साळा. रात्री दिवा पुढे लागतो, सकाळी जाळं ओढताना तोच दिवा आडवा येतो. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा सामान कमी करून बोट हलकी ठेवायची असते. उन्हाळ्यात पाणी आत सरकतं, काठ अर्धा-एक किलोमीटर लांब जातो, तेव्हा बोट खांद्यावरून न्यायची म्हणजे तिच्यावर काहीच नको. मूळचे भोई पालखी नि मेणे उचलणारे, नदी आटली की तिच्याच रेतीत डांगरवाड्या लावणारे. एकच जागा वर्षातून तीन वेळा बदलते हे त्यांच्या हाडात आहे. अशा माणसाला कायमची बैठक गैरसोयीची वाटते. ठोकलेलं पक्कं आणि बांधलेलं कामचलाऊ, ही समजूत भाच्याची होती, माझी होती, आणि मला वाटतं हार्डवेअरच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाची असते.

वजनाबद्दल मात्र म्हातारा एरवीपेक्षा जास्त बोलला. भाच्याला दिव्याचा खांब उंच हवा होता. त्यानं तो गुडघ्याएवढा करायला लावला. लहान बोटीत वजन वर गेलं की ती कलंडायला निमित्त शोधते. याच वर्धेवर, वरच्या अंगाला, वरुड तालुक्यातल्या झुंज इथे 14 सप्टेंबर 2021 रोजी नाव उलटून एकाच गोतातले अकरा जण गेले. काठावर त्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही, पण चौथा माणूस बोटीत पाय टाकायला लागला की कुणीतरी त्याचा दंड धरतं.

पडद्याचं सांगायचं राहिलं. तो सुरू झाला तेव्हा म्हातारा बोटीत येऊन बसला. "मासा दिसते काय याच्यात?" भाच्यानं कमानीसारख्या खुणा दाखवल्या. त्यात त्याला फार रस दिसला नाही. पुढे तळाची रेघ एका जागी उचलली गेली, लांबट उंचवटा आला, तसा तो सरसावला. "हा धुरा होय. इथी जाळं फाटते." धरणाखाली गेलेल्या कुणाच्या तरी वावराचा धुरा. मग तो सांगत गेला आणि भाचा बोट वळवत गेला: इथी बाभळीचे खुंट, इथी खोल, इथी विहीर असन. पडद्यानं काही ठिकाणी होकार दिला, काही ठिकाणी काहीच दाखवलं नाही. विहिरीच्या जागी तर सपाट गाळ निघाला. म्हातारा म्हणाला, मशीन चुकते.

उतरताना त्यानं पडदा एक दिवसासाठी मागितला, स्वतःच्या बोटीवर लावायला. ट्यूबच्या दोन पट्ट्या सोडल्या, पडदा हातात आला, बॅटरी हातात आली. वायर ओढत तो तळाकडे गेला आणि थांबला. सेन्सर इपॉक्सीनं चिकटवलेला.

"हे काहून चिकटवलं?"

भाचा ध्वनिलहरींचं सांगू लागला. म्हाताऱ्यानं अर्धं ऐकलं, जवळचा वेळू उचलला, पाण्यात उभा धरला आणि त्याच्या खालच्या टोकाला बोट लावून दाखवलं: इथी बांधाचा, अन बाजूनं पाण्यात सोडाचा. तसंही करतात, त्यात चूक काही नाही. पण त्यासाठी दुसरा सेन्सर लागेल. भाच्यानं तो मागवला आहे म्हणे. किंमत विचारली की विषय बदलतो.